आई असिस्टेड लिव्हिंगमध्ये राहते: अंघोळ, जेवण, डायपर आणि देखभालीचा दर्जा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परिचारिका. आधी बरीच वर्षं रुग्णालयात आणि नंतर पुण्याजवळच्या दोन ज्येष्ठ निवासांत काम करून निवृत्त झाले. आता ओळखीपाळखीतून रोज कोणाचा तरी फोन येतो. कोणाची आई, कोणाचे सासरे, कोणाची लग्न न झालेली आत्या. प्रश्न तेच तेच असतात म्हणून एकदा बसून लिहून काढले. इथे बाग, लिफ्ट, भजनी मंडळ यांबद्दल फारसं सापडणार नाही. माणसाच्या अंगाला हात लावून जे काही करावं लागतं, त्याबद्दलच हे सगळं आहे.

वृद्धाश्रम, असिस्टेड लिव्हिंग आणि केअर सेंटर यांत फरक काय?

पाटीवर जाऊ नका. ढोबळ मानाने असं: वृद्धाश्रमात स्वतःचं स्वतः आवरणारी माणसं राहतात. असिस्टेड लिव्हिंगमध्ये खोली किंवा छोटा फ्लॅट आपला असतो आणि अंघोळ, कपडे, औषधं यांना मदत मिळते. केअर सेंटरमध्ये बहुतेक जण अंथरुणाला खिळलेले असतात. पण एकाच इमारतीत तिन्ही मजल्यांवर तिन्ही प्रकार चाललेले मी पाहिलेत. म्हणून एकच विचारा: "आज चालत येणारी आई उद्या खाटेवर पडली, तर तुम्ही ठेवणार की घेऊन जा म्हणणार?" उत्तर लेखी घ्या. अनेक करारांत "स्वतःचे दैनंदिन व्यवहार स्वतः करू शकणे आवश्यक" असं एक वाक्य बारीक अक्षरांत असतं. खुब्याचं हाड मोडल्यावरच ते घरच्यांच्या वाचनात येतं.

यांच्यावर सरकारची देखरेख असते ना?

असते, पण तुकड्यातुकड्यांनी, आणि नेमकी अंघोळ-जेवणाची बाजू फटीत राहते.

इमारतीचं बघा. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली. महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक यंत्रणेने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी बांधकामाचे निकष घातले: दारं रुंद, शक्यतो सरकती, न्हाणीघरात न घसरणारी फरशी, धरायला दांडे, लिफ्टमध्ये आवाजाची आणि दिव्याची सूचना. चांगलंच आहे. पण त्या रुंद दारातून आत जाऊन तुमच्या आईला कोण धुतं, कसं धुतं, हे महारेरा बघत नाही. तो त्या यंत्रणेचा विषयच नाही.

आजारी, अशक्त माणसं ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा होत असेल, तर १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. मानसिक आजाराचे रुग्ण असतील तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याखाली राज्य प्राधिकरणाकडे, आणि दिव्यांगांची संस्था असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली. संस्था ट्रस्ट असेल तर धर्मादाय आयुक्त आहेतच. चालकांना सरळ विचारा की तुमची नोंदणी कोणत्या कायद्याखाली आहे आणि प्रमाणपत्र कुठे लावलंय. "आमचं सगळं रीतसर आहे हो" हे उत्तर नव्हे. प्रमाणपत्र हे उत्तर.

इंग्लंडमध्ये ज्यांची मुलं आहेत ते तिथली गोष्ट सांगतात. तिथे घर आणि सोबत देखभाल मिळते अशा ठिकाणी घर देणारा वेगळा आणि देखभाल देणारा वेगळा धरतात, आणि 'केअर क्वालिटी कमिशन' ही यंत्रणा त्या देखभालीची तपासणी करून उत्कृष्ट, चांगली, सुधारणा हवी, अपुरी अशा चार पायऱ्यांत निकाल जाहीर करते. तिथेही सगळं आलबेल नाही. पण भिंत आणि हात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यांनी कागदावर तरी मान्य केलंय. आपल्याकडे ती तपासणी घरच्यांनाच करावी लागते.

पहिल्या भेटीत काय पाहू?

संध्याकाळी पाचनंतर जा, फोन न करता. सकाळी अकराला सगळीच माणसं न्हालेली, पावडर लावलेली असतात.

नाकाला विचारा. लघवीचा वास कुठेतरी थोडा येणारच, माणसं राहतात तिथे. पण जिन्यापासूनच येत असेल तर डायपर वेळेवर बदलले जात नाहीत. आणि फिनाइलचा किंवा उदबत्तीचा फारच घमघमाट असेल, तरी सावध व्हा.

मग माणसांकडे बघा. नखं. हाताची नाही, पायाची, कारण हाताची सगळ्यांना दिसतात म्हणून कापलेली असतात. कानामागे मळ. पुरुषांची दाढी: दोन दिवसांची चालेल, आठवड्याची नाही. चष्म्याची काच. हे फार जण विसरतात. दिवसभर धुरकट काचेतून बघणाऱ्या आजोबांना "त्यांना आता काही समजत नाही" म्हणून मोकळे होतात. कानाचं मशीन कानात आहे की कपाटातल्या डबीत? कवळी तोंडात आहे का, आणि ज्याची त्यालाच आहे का? हसू नका, कवळ्यांची अदलाबदल झालेली मी स्वतः निस्तरली आहे.

पिण्याचं पाणी हाताला लागेल असं ठेवलंय का ते बघा. बेल दाबून बघा आणि घड्याळ लावा. न्हाणीघरात स्टूल आहे का, तो डुगडुगतो का? आणि सगळ्यात शेवटी, मावशी (देखभालीची कामं करणारी बाई) माणसाशी बोलते की माणसाच्या डोक्यावरून दुसऱ्या मावशीशी बोलते? "हिचं झालं का गं?" असं वाक्य कानावर पडलं, तर मी तिथे माझ्या आईला ठेवणार नाही.

किती जणांमागे किती मावशा असायला हव्यात?

आकडा विचाराल तर माझा अनुभव असा: पूर्ण खाटेवरच्या चार-पाच जणांमागे दिवसा एक मावशी असेल तर काम माणुसकीने होतं. आठ झाले की उरकलं जातं. मात्र "आमच्याकडे वीस जणांचा स्टाफ आहे" याला काही अर्थ नाही. त्यात स्वयंपाकी, माळी आणि वॉचमन धरलेले असतात. विचारायचं ते असं: रात्री दोन वाजता या मजल्यावर जागं कोण असतं? किती जण? बदली बाई कुठून येते? खाडा झाला की तिचं काम कोणाच्या गळ्यात पडतं?

ड्यूटी बारा तासांची असते, आठ ते आठ. काही ठिकाणी बदली आली नाही म्हणून तीच बाई चोवीस तास, मग छत्तीस. तिसाव्या तासाला कोणाचाही हात हलका राहत नाही. मावशा कुठे झोपतात, त्यांना जेवण काय मिळतं, सुट्टी कधी, हेही बघून या. चालकांना तो आगाऊपणा वाटेल. वाटू दे.

आई अंघोळीला नाही म्हणते. रोज अंघोळ झालीच पाहिजे का?

नाही. हे लिहिताना मला ठाऊक आहे की निम्म्या घरांत खळबळ होणार. पारोसं राहायचं नाही, अंघोळीशिवाय चहाही नाही, अशा घरांत आपण वाढलो. पण ऐंशीच्या पुढची कातडी कागदासारखी पातळ आणि कोरडी होते. रोज गरम पाणी आणि साबण चोळला की ती फाटते, खाजते. तोंड, काखा, स्तनांखालची आणि जांघेतली घडी, गुप्तांग, पायाची बोटं एवढं रोज पुसून कोरडं झालं, तर पूर्ण अंघोळ आठवड्यातून दोन-तीनदा पुरते. पुसल्यानंतर कोरडं करणं जास्त महत्त्वाचं. घडीत ओल राहिली की चिखल्या होतात तशीच ती जागा पांढरी पडते, लाल होते, चरचरते.

आई नाही का म्हणते, हे बघा. थंडी वाजते? घसरायची भीती? अनोळखी बाईपुढे लुगडं सोडायची लाज? स्मृतिभ्रंश असेल तर डोक्यावरून एकदम पाणी पडणं हा तिच्यासाठी हल्ला असतो. अशा वेळी स्टुलावर बसवायचं, मांडीवर पंचा टाकायचा, पाणी आधी पायावर, मग हातावर, तोंडाला शेवटी. मावशीने पाणी हात घालून नव्हे, कोपर बुडवून बघायचं. दिवसभर भांडी-कपडे करणाऱ्या हातांना उष्णता कमी कळते. तांब्या आईच्याच हातात द्यायचा, जमेल तेवढं तिलाच ओतू द्यायचं. "चला, देवपूजा राहिलीय" हे वाक्य कधी कधी माझ्या सगळ्या प्रशिक्षणापेक्षा जास्त कामाला आलंय.

आणि वेळ विचारा. बऱ्याच ठिकाणी रात्रपाळीने पहाटे चारलाच अंघोळी सुरू केलेल्या असतात, कारण आठ वाजता पाळी बदलायच्या आत 'सगळे तयार' दिसायला हवेत. जिने आयुष्यभर पहाटे उठून सडा घातला तिला ते चालेल. पण नाटक बघून रात्री एकला झोपणाऱ्या माणसाला डिसेंबरात पहाटे चारला उघडं करणं, याला देखभाल म्हणत नाहीत.

बाबांना बाईने किंवा आईला पुरुषाने अंघोळ घातलेली चालते का?

ज्याचं अंग त्याला विचारा. आईच्या बाबतीत मी ठाम आहे: तिने स्वतः होय म्हटल्याशिवाय पुरुष कर्मचारी न्हाणीघरात जाणार नाही, हे दाखल करतानाच लिहून घ्या. उचलायला मामा (पुरुष मदतनीस) लागले तर आधी तिला झाकायचं, मग त्यांना हाक मारायची. बाबांचं उलट असतं. बहुतेक ठिकाणी मावशाच जास्त, त्यामुळे "त्यांना काय होतंय" असं धरून चालतात. होतं. माझ्याकडचे एक निवृत्त पोस्टमास्तर आठवडाभर शौचाला दाबून बसायचे, कारण मुलीच्या वयाची पोरगी धुवायला यायची. बद्धकोष्ठाची औषधं चालू झाली होती, एनिम्यापर्यंत गोष्ट आली होती. मामांची ड्यूटी सकाळची केली आणि प्रश्न मिटला.

दिवसाला किती डायपर? तिथे तीनच वापरतात.

त्याआधी विचारा, डायपर लागतोच का? चालता येणाऱ्या, फक्त आधार हव्या असलेल्या माणसाला डायपर लावणं ही सोय त्याची नसते, संस्थेची असते. सकाळच्या चहानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, जेवणानंतर, आणि दिवसा दर दोन-तीन तासांनी संडासात नेऊन बसवलं तर अनेकांचं दिवसा डायपरविना चालतं. रात्री खाटेशेजारी कमोड खुर्ची ठेवता येते. एकदा "डायपरमध्येच करा आजी" म्हणायला लागले की महिन्याभरात सवय मोडते, आणि मग ती परत येत नाही.

लागतच असेल, तर मोजून तीन हा हिशोब चुकीचा. शी झाली की लगेच, लघवीने जड झाला की बदलायचा. कधी तीन पुरतील, कधी सहा लागतील. पाकिटं तुम्ही आणून देत असाल तर महिन्याचा खप लिहा. अचानक निम्म्यावर आला असेल तर आनंद मानू नका. एक तर डायपर बदलला जात नाहीये, नाही तर आईला पाणीच कमी पाजतायत, म्हणजे भिजायला नको. दुसरी युक्ती मी स्वतः पकडलेली आहे. पाणी कमी झालं की लघवीचा संसर्ग, आणि म्हाताऱ्या माणसात तो तापाने दिसेलच असं नाही. काल नीट बोलणारी आई आज असंबद्ध बडबडते, एवढंच दिसतं. घरचे म्हणतात डोक्यावर परिणाम झाला. आधी लघवी तपासा.

बायकांना पुसताना पुढून मागे, कधीच उलटं नाही. हे मावशीला तोंडी सांगू नका, करून दाखवा.

पाठीला जखम झालीय. ते म्हणतात वय झालं की होतंच.

होत नाही. होऊ दिलं जातं. अगदी शेवटच्या दिवसांत, शरीर आतून मिटत आलेलं असताना, कितीही केलं तरी कातडी तुटते हे खरं. पण बाकी वेळी बेडसोअर म्हणजे कोणीतरी कूस बदलली नाही.

माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपर आणि डोक्याची मागची बाजू, इथे रोज बघायचं. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा होऊन परत लाल होत असेल तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहत असेल तर जखमेची सुरुवात झालीय. सावळ्या अंगावर लाली कळत नाही, तिथे ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागते का ते हाताने बघायचं. दर दोन तासांनी कूस, आणि कोणत्या वेळी कोणत्या कुशीवर, हे खाटेशी टांगलेल्या कागदावर. त्या कागदावर पुढच्या संध्याकाळच्या आठपर्यंतच्या सह्या दुपारीच झालेल्या असतील, तर त्याचा फोटो काढून ठेवा.

हवेची गादी चांगली, पण ती कूस बदलायला पर्याय नाही. शिवाय तिचा पंप चालू आहे का ते बघा. मोबाईल चार्जिंगला लावायला प्लग काढलेला असतो. लाल जागेवर चोळून मालिश करू नका. आपल्याकडे तेल लावून रगडायची फार हौस, त्याने आतलं मांस आणखी दुखावतं.

जेवण चांगलं असतं, मेनू बोर्डावर लिहिलेला असतो. मग वजन का उतरतंय?

मेनू किती खाल्लं ते सांगत नाही. ताट पुढे ठेवलं आणि वीस मिनिटांनी उचललं, एवढंच झालं असेल. जेवणाच्या वेळी एकदा जाऊन बसा. कवळी सैल झालीय का, पोळी दुधात कुस्करून देतात का, भरवणारी बसून भरवते की उभी राहून? उभं राहून भरवलं की खाणारा मान वर करतो आणि घास श्वासनलिकेत जायची भीती वाढते. खाटेवर आडवं ठेवून भरवणं तर नकोच. ताठ बसवायचं, आणि जेवणानंतर अर्धा तास तसंच ठेवायचं. प्रत्येक घोटाला खोकला येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

महिन्याला एकदा, त्याच काट्यावर वजन. पन्नास किलोच्या आईचं महिन्यात अडीच किलो उतरलं तर ती बातमी आहे, 'वय' नव्हे.

न विचारता आईचे केस कापले. मी उगाच चिडले का?

नाही. उवा, गुंता, वेळ लागतो, ही कारणं खरी असतात. तरी विचारायचं असतं. लांब वेणीचा बॉबकट, साडीचा गाऊन, हातातल्या बांगड्या काढून पाकिटात, टिकली 'लावून काय करायचंय आता'. एकेक गोष्ट किरकोळ. चार गोष्टी झाल्या की आरशात दिसते ती आई नसते, पेशंट असतो. साडीचा आग्रह धरणाऱ्या एका आजींना आम्ही शिवलेली साडी आणून दिली, नाडीची, दोन मिनिटांत नेसवून व्हायची. सासरच्यांनी पन्नास वर्षांपूर्वी दिलेल्या हिरव्या बांगड्या मात्र त्या झोपेतही चाचपायच्या.

हाक मारण्याचंही तेच. सगळ्यांना सरसकट 'आजी-आजोबा' प्रेमाने म्हणतात, पण एक निवृत्त मुख्याध्यापिका मला म्हणाल्या होत्या, "मी तुमची आजी नाही. मला बाई म्हणा." त्या दिवसापासून त्या जेवायला लागल्या, असं काही नाटकी झालं नाही. पण औषध थुंकणं बंद झालं.

हात बांधून ठेवतात का? ते म्हणतात, सुरक्षिततेसाठी.

नाकातली नळी उपसते, खाटेवरून उतरते, म्हणून ओढणीने मनगट कठड्याला बांधलेलं मी पाहिलंय. मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधण्यावर बंदी घातली आहे. इतर प्रकारचं बांधणंसुद्धा तात्काळ धोका टाळायला दुसरा काहीच उपाय नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या अनुमतीने, गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही, आणि त्याची नोंद हवी. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून तर मुळीच नाही. तो कायदा मानसिक आरोग्य आस्थापनांसाठी आहे, पण तोच मापदंड मी सगळीकडे लावते. झोपेच्या गोळीने बांधलेलं दिसत नाही, एवढाच फरक. दुपारी भेटायला गेलात आणि आई सलग तीन वेळा गाढ झोपेतच सापडली, तर औषधांचा कागद मागा.

खोलीत कॅमेरा लावू का?

मला आवडत नाही. व्हरांड्यात, जेवणघरात ठीक. खोलीत लावलात तर डायपर बदलताना आई कोणाकोणाच्या मोबाईलवर दिसेल याचा विचार करा. संमतीविना कोणाच्या खाजगी अवयवांचं चित्रण करणं, पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे, आणि मुलगा असल्याने त्यातून सूट मिळत नाही.

मी अमेरिकेत आहे. व्हिडिओ कॉलवर काय कळणार?

ठरलेल्या वेळी केलात तर काहीच नाही. रविवारी सकाळी नऊचा कॉल म्हणजे आईला साडेआठला नटवून बसवतात.

वेळ बदलत राहा. मावशीला प्रेमाने सांगा, "जरा टाच दाखवा, मागच्या वेळी कोरडी होती." नखं, जीभ, ओठ, टाच. कोरडी चिकट जीभ म्हणजे पाणी कमी. "कशी आहेस?" विचारलं तर आई "बरी आहे" म्हणणार. ती पन्नास वर्षं हेच म्हणत आलीय. त्यापेक्षा "आज आमटी कसली होती, रात्री कोण होतं, काल केस कोणी विंचरले" असं विचारा.

आणि एक डोळा गावात ठेवा. भाचा, जुनी शेजारीण, आईची मैत्रीण, कोणीही, जो महिन्यातून दोनदा न सांगता जाईल. त्याला येण्याजाण्याचं भाडं द्या, लाजू नका. संस्थेला पाठवलेल्या देणगीपेक्षा त्या पैशाचा आईला जास्त उपयोग होतो.

मावशीला वरचे पैसे द्यावेत का?

एकटीला गुपचूप दिले की बाकीच्या आईकडे बघत नाहीत, आणि शेजारच्या खाटेवरच्या, ज्यांना कोणी नाही, त्यांचं होतं ते नव्हतं होतं. दिवाळीला सगळ्यांना सारखं, ऑफिसात सांगून. त्याहून मोठं म्हणजे तिचं नाव लक्षात ठेवणं. आणि घरच्या पुरुषांसाठी एक वाक्य: मावशी ही नोकरीवरची स्त्री आहे, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तिलाही आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांचं वागणं वेगळ्या पद्धतीने हाताळावं लागतं. भेटायला आलेल्या जावईबापूंचं नाही.

तक्रार केली तर राग आईवर निघेल ना?

ही भीती खोटी नाही. म्हणून पायऱ्या सांभाळा. आधी पाळीच्या सिस्टरशी, तारीख-वेळ घेऊन, एकच मुद्दा. "तुमच्याकडे लक्षच नाही" हा मुद्दा नाही. "मंगळवारी चार वाजता आले तेव्हा डायपर सकाळचाच होता" हा मुद्दा. मग चालकांना लेखी, व्हॉट्सॲप चालेल, पण लेखी.

तरी हललं नाही तर ज्येष्ठांची हेल्पलाइन एल्डरलाइन १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ, फुकट. पैसे देऊन घेतलेली सेवा असल्याने ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या ग्राहक कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते, आणि त्याआधी ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मारहाण, चोरी, लैंगिक प्रकार असेल तर पायऱ्या विसरा, थेट ११२.

२००७ चा पालकांच्या निर्वाहाचा कायदा इथे लागू पडेल असं अनेकांना वाटतं. त्यातलं न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून निर्वाह मिळवून देण्यासाठी आहे. आईला संस्थेत टाकून फोन बंद करणाऱ्या मुलांना मात्र तो लागतो: ज्येष्ठाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

विम्यातून काही मिळतं का?

रोजच्या देखभालीला नाही. सत्तरीच्या वरच्यांना २०२४ पासून आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरचं. बिलात जीएसटी लावला असेल तर विचारा: रीतसर धर्मादाय म्हणून नोंदलेल्या वृद्धाश्रमाला साठीपुढच्या रहिवाशामागे महिना पंचवीस हजारांपर्यंतच्या शुल्कावर माफी आहे.

प्रश्न आईचा नाही, माझ्या गतिमंद भावाचा आहे. आईबाबांनंतर त्याचं काय?

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याच्या 'समर्थ-कम-घरौंदा' योजनेत प्रौढांसाठी सामूहिक निवास आणि 'निरामय'मध्ये एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे, आणि तो आईबाबा हयात असतानाच करा. देखभालीबद्दल वर लिहिलेलं सगळं लागू, फक्त एक भर: चाळिशीच्या पुरुषाला 'बाळ' म्हणून न्हाऊ-माखू घालणारी संस्था टाळा. त्याला दाढी स्वतः करायला शिकवायला महिना लागला तरी चालेल. जखमा होतील बारीकसारीक.

जागा बदलायची ठरवली आहे. नव्या ठिकाणी काय सांगू?

फाइल तर द्यालच. तिच्यावर एक कागद डकवा, आईच्या तोंडून विचारून लिहिलेला, मोठ्या अक्षरांत. नमुना म्हणून एका मुलीने केलेला देते, नाव काढून:

डाव्या कानाने ऐकू येतं, त्या बाजूने बोला. चहा आधी, दात नंतर. अंघोळ सकाळी दहाला, खोबरेल तेल कोमट करून, डोक्याला शनिवारीच. उजवा खांदा वर जात नाही, ब्लाउज आधी उजव्या हातात घाला. टिकली हवी, मरून. रात्री संडासचा दिवा चालू ठेवा. 'आत्या' म्हणा, सगळे तेच म्हणतात. रडल्या तर कारण विचारू नका, थोडा वेळ शेजारी बसा.